नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा : ऊर्जास्रोतांचा तौलनिक इतिहास

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर ऐरोलीपासून उरणपर्यंत पसरलेल्या नियोजित नगराला आणि त्याच्या भोवतालच्या औद्योगिक पट्ट्याला वीज पुरविणाऱ्या निरनिराळ्या ऊर्जास्रोतांच्या विकासाचा हा आढावा आहे. पाणी, कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू व अणुइंधन ही वीजनिर्मितीची सर्व प्रमुख साधने या नगरापासून सु. सव्वाशे किमी.च्या टापूत विसाव्या शतकात एकामागून एक वापरात आली. एवढ्या लहान क्षेत्रात इतक्या भिन्न साधनांचा दीर्घ अनुभव एकत्र आढळण्याचे उदाहरण विरळ असल्याने ऊर्जास्रोतांच्या तुलनेसाठी हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की प्रत्येक नवा स्रोत आधीच्या स्रोताची एखादी उणीव भरून काढण्यासाठी आला, मात्र त्याने जुन्या स्रोताची जागा पूर्णपणे घेतली नाही. दुसरी अशी, की वीज ज्या नगरात वापरली गेली, तेथे तिच्या निर्मितीचा भार क्वचितच पडला. तो मावळातील खोरी, विदर्भातील कोळसाक्षेत्रे आणि कोकणपट्टीतील गावे यांच्या वाट्याला आला. त्यामुळे केवळ दर एककाच्या (युनिटच्या) किंमतीवरून केलेली तुलना अपुरी ठरते.

तुलनेची परिमाणे : विद्युत् केंद्राची क्षमता मेगावॉटमध्ये (मेवॉ.) सांगतात, तर प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज किलोवॉट-तास म्हणजे एकक या मापाने मोजतात. समान क्षमतेची दोन केंद्रे वर्षाकाठी अगदी निरनिराळी वीज देऊ शकतात. जलविद्युत् केंद्रावर जलाशयातील साठ्याची, वायू केंद्रावर इंधनाच्या उपलब्धतेची आणि सौर केंद्रावर दिवसाच्या लांबीची व आकाशातील ढगांची मर्यादा असते. विजेची मागणीही दिवसभर सारखी नसते. रात्रंदिवस चालणाऱ्या उद्योगांची मागणी हा पायाभार होय, तर सकाळी व सायंकाळी काही तास वाढणारी मागणी हा शिखरभार होय. बाष्पित्र तापवून चालणारे कोळशाचे केंद्र आणि अणुकेंद्र ही पायाभारास योग्य असतात. थंड झालेले औष्णिक केंद्र पुन्हा पूर्ण भारावर आणण्यास अनेक तास लागतात, परंतु जलविद्युत् जनित्र काही मिनिटांत भार उचलते. म्हणून स्वस्त कोणते, याबरोबरच कोणत्या वेळी लागणाऱ्या विजेसाठी स्वस्त, हेही पाहणे आवश्यक असते.

निरनिराळ्या इंधनांतील ऊर्जेचे प्रमाण लक्षात घेतल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. सु. ५०० मी. उंचीवरून पडणाऱ्या एक घनमीटर पाण्यापासून सु. सव्वा एकक वीज मिळते. तेवढीच वीज भारतीय कोळशापासून मिळविण्यास साधारणतः एक किग्रॅ.पेक्षा थोडा कमी कोळसा जाळावा लागतो. एक घनमीटर नैसर्गिक वायूपासून साध्या वायू टरबाइनमध्ये सु. तीन, तर संयुक्त आवर्तनाच्या केंद्रात साडेचार ते पाच एकक वीज मिळते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ चे संपूर्ण भंजन झाल्यास सु. एक मेगावॉट उष्णता पूर्ण एक दिवस मिळत राहते. सूर्यप्रकाशाला इंधनखर्च नाही, परंतु एक मेवॉ. क्षमतेच्या सौर केंद्रास सु. दोन हेक्टर जमीन लागते आणि वर्षभरात त्याच्या पूर्ण क्षमतेच्या सु. एक पंचमांश इतकीच वीज हाती येते.

प्रारंभ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत. मुंबईच्या आसपास कोळशाच्या खाणी नसल्याने तो दूरवरून रेल्वेने किंवा जहाजाने आणावा लागे, त्यामुळे तो महाग पडे. शिवाय धुरामुळे गिरणगावची हवा दूषित होई. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ या कंपनीने १९०५ मध्ये वाडी बंदर येथे औष्णिक केंद्र उभारले. शहरातील दिवे व ट्रामगाड्या यांना त्याचा उपयोग झाला, परंतु गिरण्यांची मोठी गरज त्यातून भागणारी नव्हती. ही गरज भागविण्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाकडे लक्ष वळले.

जलविद्युत् : लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, परंतु तो मुख्यतः चार महिन्यांतच पडून जातो. घाटमाथ्यावर धरणे बांधून हे पाणी साठवावे आणि कोकणाच्या बाजूस सु. ५०० मी. खाली सोडून वीज निर्माण करावी, अशी कल्पना अभियंता डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटा यांनी तिचा पाठपुरावा केला. जमशेटजींच्या निधनानंतर (१९०४) त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ती मूर्त स्वरूपात आणली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा या जलाशयांच्या पाण्यावर चालणाऱ्या खोपोली केंद्राचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९१५ मध्ये झाले. तेथील वीज सु. ७० किमी. लांबीच्या उच्च दाबाच्या वाहिनीने मुंबईस नेण्यात आली. पुढे आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणावर आधारित भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये आणि मुळा नदीवरील मुळशी धरणावर आधारित भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

या योजनेचे तांत्रिक वैशिष्ट्य तिच्या मोठ्या शीर्षात, म्हणजे पाण्याच्या उतरणीत आहे. शीर्ष मोठे असल्याने तुलनेने थोड्या पाण्यातून पुष्कळ वीज मिळते. इंधन लागत नसल्याने एकदा भांडवल गुंतविल्यावर चालविण्याचा खर्च अल्प राहतो. परंतु भीमेच्या खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे वळवावे लागते, ही या योजनेची दुसरी बाजू होय. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७० च्या दशकात वाटप ठरविताना हे वळविलेले पाणी, वर्षाला सरासरी सु. ४२ अब्ज घनफूट, विचारात घेतले. पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न नंतरही वादाचा राहिला. वळविलेल्या पाण्याचा कोकणाला मात्र अनपेक्षित लाभ झाला. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हास नदीत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत सोडले जाते. एरवी उन्हाळ्यात क्षीण होणाऱ्या या नद्यांना त्यामुळे बारमाही प्रवाह मिळाला. रसायनी, रोहा आणि कल्याण परिसरातील औद्योगिक वसाहती व नगरे यांचा पाणीपुरवठा बऱ्याच अंशी त्यावर उभा राहिला.

या योजनेची सामाजिक किंमत मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी मोजली. धरणाखाली भातशेती व गावे जाणार असल्याने मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. याच लढ्यामुळे ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले व त्यासाठी त्यांना कारावासही भोगावा लागला. हा लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरणाचे काम थांबले नाही. मोठ्या धरणाविरुद्ध संघटितपणे लढल्या गेलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. सार्वजनिक हिताच्या नावाने घेतलेल्या जमिनीचा मोबदला कोणी व कसा ठरवावा, हा प्रश्न या लढ्याने प्रथम ठळकपणे पुढे आणला. पुढील प्रत्येक प्रकल्पात तो पुन्हा उपस्थित झाला.

कोयना : स्वातंत्र्यानंतर उद्योगांची मागणी वाढली, तेव्हा राज्याने कोयना खोऱ्याकडे लक्ष वळविले. कोयना धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू होऊन १९६२ मध्ये पोफळी येथील भूमिगत केंद्रातून वीज मिळू लागली. टप्प्याटप्प्याने वाढून या प्रकल्पाची क्षमता सु. १,९६० मेवॉ. झाली. त्यांपैकी १,००० मेवॉ. चौथ्या टप्प्यात, १९९९-२००० च्या सुमारास मिळाले. कृष्णा लवादाने या प्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. म्हणून कोयनेची क्षमता मोठी असली, तरी ती चोवीस तास वापरता येत नाही. शिखरभाराच्या वेळी जनित्रे चालवून उरलेल्या वेळी पाणी राखून ठेवावे लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सु. दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयातील पाण्याचा भार आणि भूकंप यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास जगभर करताना कोयनेचा दाखला आवर्जून दिला जातो. धरणग्रस्तांचे पुनर्वसन सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड व ठाणे अशा अनेक जिल्ह्यांत विखरून झाले [→ कोयना प्रकल्प].

कोळसा व तेल : पावसावर सर्वस्वी अवलंबून राहणे हा जलविद्युतेचा मूलभूत दोष होय. पाऊस कमी झालेल्या वर्षी जलाशय भरत नाहीत आणि कपात करावी लागते. मुंबईकडील मागणी जलविद्युतेच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा कोळसा व तेल यांना पुन्हा महत्त्व आले. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी ठाकुर्ली येथे चोळा औष्णिक केंद्र १९२९ मध्ये सुरू झाले होते. टाटा कंपनीचे तुर्भे (ट्रॉम्बे) येथील केंद्र १९५६ मध्ये ६२.५ मेवॉ.च्या पहिल्या संचाने सुरू झाले. खाडीच्या पश्चिम किनाऱ्यावरील हे केंद्र नवी मुंबईतील त्याच नावाच्या तुर्भे गावाहून वेगळे होय. समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी उपलब्ध असणे आणि इंधन बंदरात उतरविता येणे, ही स्थाननिवडीची कारणे होती. देशातील पहिला ५०० मेवॉ. क्षमतेचा संच १९८४ मध्ये येथेच कार्यान्वित झाला. कोळसा, इंधन तेल व नैसर्गिक वायू यांपैकी उपलब्ध असेल ते इंधन जाळता यावे, अशी या केंद्राची योजना होती. दाट वस्तीच्या सान्निध्यामुळे धुरातील गंधकाची ऑक्साइडे समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणाही येथे बसविण्यात आली.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने (स्थापना १९६०) मात्र आपली प्रमुख औष्णिक केंद्रे कोळशाच्या खाणींजवळ किंवा रेल्वेमार्गावर उभारली. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही केंद्रे विदर्भात, तर भुसावळ, नासिक व परळी ही अन्यत्र उभी राहिली. चंद्रपूर येथील निर्मिती १९८३ मध्ये सुरू झाली. राखेचे प्रमाण अधिक असलेला कोळसा शेकडो किमी. वाहून आणण्यापेक्षा तो खाणीजवळ जाळून वीज वाहून आणणे फायदेशीर ठरते, हे यामागील तत्त्व होते. त्याच तत्त्वाने १९९९ मध्ये चंद्रपूर–पडघे ही ७५२ किमी. लांबीची, ५०० किलोव्होल्ट (किव्हो.) दाबाची, १,५०० मेवॉ. वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू करण्यात आली. तिच्यामुळे पश्चिमेकडील नगरांना मोठ्या प्रमाणात वीज मिळाली. राख, धूर आणि पाण्याचा वापर यांचे परिणाम मात्र चंद्रपूर परिसरातच राहिले.

खाडीपलीकडील नगर : ठाणे–बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने औद्योगिक क्षेत्र विकसित केले. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे ९५ गावांच्या जमिनीवर नवे नगर वसविण्याचे काम सोपविण्यात आले. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. विजेच्या दृष्टीने ठाणे खाडी ही एक सीमारेषाच ठरली. मुलुंड-भांडुपचा भाग वगळता मुंबईस खाजगी कंपन्या व बेस्ट यांच्याकडून वीज मिळे. नव्या नगरास मात्र राज्य विद्युत् मंडळाच्या जाळ्यातून, आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर महावितरण कंपनीकडून वीज मिळू लागली. राज्यात विजेचा तुटवडा असताना मुंबई शहर भारनियमनातून वगळले गेले, खाडीच्या पूर्वेकडील नगरास मात्र राज्याच्या टंचाईपासून वेगळे राहता आले नाही. घाटपायथ्याची वीज मुंबईस नेणाऱ्या वाहिन्या १९१५ पासून कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागावरून जात होत्या. तेथील खेड्यांचे विद्युतीकरण मात्र मुख्यतः मंडळाच्या स्थापनेनंतर झाले.

नैसर्गिक वायू : नव्या नगराच्या क्षेत्रात उभे राहिलेले एकमेव मोठे विद्युत् केंद्र म्हणजे उरणजवळील बोकडविरा येथील वायू टरबाइन केंद्र होय. बॉम्बे हाय या सागरी क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर निघणारा वायू नळाने उरणला आणण्यात आला. जाळून वाया जाणाऱ्या या वायूचा वीजनिर्मितीसाठी उपयोग करण्यासाठी १९८२ मध्ये ६० मेवॉ.चे चार संच बसविण्यात आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास १०८ मेवॉ.च्या आणखी चार संचांची भर पडली.

वायू टरबाइनमध्ये दाबाखालील हवेत वायू जाळून निर्माण झालेल्या उष्ण वायूंनी टरबाइनची पाती फिरविली जातात. बाहेर पडणाऱ्या झोताचे तापमान सु. ५०० अंश से. असल्याने साध्या आवर्तनात इंधनातील जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. याच झोताने पाण्याची वाफ करून दुसरे टरबाइन चालविल्यास त्याच वायूपासून सु. दीडपट वीज मिळते. यास संयुक्त आवर्तन म्हणतात. उरण येथे असे १२० मेवॉ.चे दोन बाष्प संच पुढे उभारण्यात आले. जुने ६० मेवॉ.चे संच सेवेतून काढून टाकल्यावर केंद्राची क्षमता ६७२ मेवॉ. राहिली. कोळशाच्या तुलनेत येथे राख नाही, गंधक नगण्य आणि दर एककामागे कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन सु. निम्मे असते. केंद्र उभारण्यास व सुरू करण्यासही अल्प वेळ लागतो.

या गुणांच्या जोडीला एक मोठी मर्यादा होती. वायू अन्य उपयोगांसाठीही तितकाच मोलाचा होता. खत कारखाने, खनिज तेल रसायन उद्योग, आणि १९९० च्या दशकानंतर घरगुती इंधन व वाहने यांची मागणी वाढत गेली, तर बॉम्बे हायचे उत्पादन मर्यादित राहिले. परिणामी पुरेसा वायू न मिळाल्याने उरण केंद्राचे संच दीर्घकाळ अंशतः किंवा पूर्णतः बंद ठेवावे लागले. आयात केलेला द्रवरूप वायू उपलब्ध झाला, पण त्याची किंमत आंतरराष्ट्रीय बाजारावर अवलंबून राहिली.

हाच धडा रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पाने अधिक मोठ्या प्रमाणावर दिला. एन्‍रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर १९९२-९३ मध्ये करार झाला. १९९५ मध्ये राज्य शासनाने तो रद्द केला, पण वाटाघाटींनंतर तो पुन्हा मान्य झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेवॉ.च्या पहिल्या टप्प्यात नॅफ्था या महागड्या इंधनावर वीज निर्माण होऊ लागली. वीज घेतली अथवा न घेतली, तरी क्षमतेपोटी ठराविक आकार द्यावा लागेल, अशी करारातील तरतूद होती. तिचा व इंधनदराचा बोजा न पेलल्याने २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली व केंद्र बंद पडले. पुढे ते सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू करण्यात आले. ऊर्जास्रोताची योग्यता जशी त्याच्या तंत्रावर, तशीच खरेदीच्या करारावरही अवलंबून असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

अणुऊर्जा : पश्चिम किनाऱ्यापासून कोळसाक्षेत्रे दूर असणे, हेच तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र उभारण्याचे एक प्रमुख कारण होते. अमेरिकेच्या साहाय्याने बांधलेल्या उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्यांपासून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. त्यांची मूळची प्रत्येकी २१० मेवॉ.ची क्षमता पुढे १६० मेवॉ. करण्यात आली. इंधनाचे वजन अत्यल्प असल्याने वाहतुकीचा प्रश्न सुटला, परंतु समृद्ध युरेनियम परदेशातून आणावे लागे. १९७४ च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेकडून होणाऱ्या पुरवठ्यात अडथळे आले, तेव्हा १९८० च्या दशकात फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले. देशी बनावटीच्या, नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणाऱ्या प्रत्येकी ५४० मेवॉ.च्या दोन अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये तेथे सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. जुन्या दोन अणुभट्ट्या पन्नास वर्षांच्या सेवेनंतर २०२० मध्ये नूतनीकरणासाठी बंद करण्यात आल्या. बांधकामाचा दीर्घ काळ व मोठे भांडवल, वापरलेल्या इंधनाची दीर्घकाळ जोपासना आणि अपघाताविषयीची भीती या अणुऊर्जेच्या मर्यादा आहेत. याउलट धूर न होता वर्षभर अखंड वीज देण्याची क्षमता हे तिचे बलस्थान आहे [→ अणुऊर्जा].

वारा व सूर्य : एकविसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे इ. पठारांवर पवनचक्क्यांची उभारणी मोठ्या प्रमाणात झाली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर सौर विजेस चालना मिळाली. राज्यात धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेवॉ.चा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. सौर पट्टांच्या किंमती झपाट्याने उतरल्या. २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथील लिलावात दर एककास २ रु. ४४ पैसे इतका खाली आला. नव्या औष्णिक केंद्रांच्या विजेपेक्षाही तो कमी होता.

सूर्य व वारा यांचा वार्षिक क्रम एकमेकांस काही अंशी पूरक आहे. पावसाळ्यात कोकणावर ढग असतात, तेव्हा सह्याद्रीच्या पठारांवर वारा जोरात असतो. उन्हाळ्यात वारा मंद, तर ऊन प्रखर असते. परंतु दैनंदिन मागणीशी सूर्याचा मेळ बसत नाही. सायंकाळी घरोघरी दिवे व वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, त्याच वेळी सौर वीज संपते. ऐरोली, महापे, रबाळे व पनवेल येथे उभ्या राहिलेल्या विदा केंद्रांना (डेटा सेंटर) तर रात्रीही तितकीच वीज लागते. दाट वस्तीच्या नगरात जमिनीची उपलब्धता हा आणखी एक प्रश्न आहे. इमारतींच्या छतांचा उपयोग करता येतो, पण उंच इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांच्या संख्येच्या मानाने छताचे क्षेत्र फारच अपुरे पडते.

प्रेषण जाळे : स्रोत कोणताही असला, तरी वीज नगरापर्यंत पोहोचवावी लागते. या दृष्टीने नवी मुंबईचे स्थान मध्यवर्ती आहे. राज्यातील निर्मिती व मागणी यांचा क्षणोक्षणी मेळ घालणारे राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोली येथे आहे, आणि कळवा व खारघर येथील ४०० किव्हो. उपकेंद्रांतून मुंबईकडे वीज जाते. या जाळ्याचे महत्त्व १२ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वांच्या अनुभवास आले. त्या दिवशी सकाळी पडघे–कळवा वाहिन्या व त्यापाठोपाठ खारघरकडे येणारी वाहिनी बंद पडल्याने मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांच्या मोठ्या भागांतील वीज गेली. उपनगरी रेल्वेगाड्या जागीच थांबल्या. बाह्य जाळ्यात बिघाड झाल्यास मुंबई तुर्भे व घाटपायथ्याच्या केंद्रांवर स्वतंत्रपणे चालावी, यासाठी असलेली विलगीकरणाची यंत्रणाही त्या दिवशी यशस्वी झाली नाही. राज्यात निर्मितीची क्षमता उपलब्ध असूनही नगर अंधारात गेले. बाहेरून येणाऱ्या स्वस्त विजेवर भर देताना जवळची निर्मिती किती राखावी, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० किव्हो. वाहिनी सुरू झाल्याने मुंबईची आयातक्षमता सु. १,००० मेवॉ.ने वाढली.

तौलनिक विचार : वरील स्रोतांची तुलना इंधन, वेळ, पाणी व जमीन आणि सामाजिक भार या चार कसोट्यांवर करता येते. इंधनाच्या दृष्टीने जल, पवन व सौर ऊर्जा निश्चिंत आहेत. कोळसा देशात विपुल आहे, पण तो दूर आहे. वायू व समृद्ध युरेनियम यांबाबत परावलंबन संभवते. वेळेच्या दृष्टीने साठ्यावर चालणारी जलविद्युत् सर्वांत लवचिक आहे. वायू त्याखालोखाल येतो. कोळसा व अणू पायाभारास उत्तम आहेत, तर सूर्य व वारा मागणीनुसार चालविता येत नाहीत. पाण्याच्या बाबतीत जलविद्युत् केंद्र पाणी खर्च करीत नसले, तरी त्याचे खोरे बदलते. अंतर्भागातील औष्णिक केंद्रे थंडाव्यासाठी पाण्याची वाफ करून टाकतात. किनाऱ्यावरील केंद्रे समुद्राचे पाणी वापरत असल्याने त्यांना गोड्या पाण्याची गरज कमी लागते. सौर केंद्रास पाणी फारसे लागत नाही, परंतु जमीन पुष्कळ लागते.

चौथ्या कसोटीचा हिशेब विजेच्या देयकात दिसत नाही. मुळशीचा शेतकरी, कोयनेचा धरणग्रस्त, चंद्रपूरचा नागरिक आणि अक्करपट्टीचा मच्छीमार यांनी दिलेली किंमत नगरातील ग्राहकाच्या दरात उतरलेली नाही. कोळशाची वीज दीर्घकाळ स्वस्त भासली, त्याचे हेही एक कारण होय. हवामानबदलामुळे हा हिशेब अधिक व्यापक झाला. कोळशाच्या दर एकक विजेमागे सु. एक किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला जातो, आणि त्याचे परिणाम पावसाच्या अनियमिततेच्या रूपाने जलाशयांपर्यंत पोहोचतात.

सौर विजेच्या प्रसारानंतर साठवणुकीला सर्वाधिक महत्त्व आले असून त्यामुळे जुन्या जलविद्युत् केंद्रांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. उदंचित साठवण पद्धतीत, मागणी कमी असताना जादा विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात व शिखरभाराच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज मिळवितात. चढविताना खर्च झालेल्या विजेपैकी सु. तीन चतुर्थांश वीज परत मिळते. भिरा येथे १५० मेवॉ.चा असा संच १९९० च्या दशकात बसविण्यात आला. शहापूर तालुक्याच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेवॉ.चा प्रकल्प २००८ मध्ये पूर्ण झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरी येथे १,००० मेवॉ. व शिरवटा येथे १,८०० मेवॉ. क्षमतेच्या उदंचित प्रकल्पांसाठी राज्य शासन व टाटा पॉवर कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. शंभर वर्षांपूर्वी पावसाचे पाणी कोळशाऐवजी वापरण्यासाठी बांधलेली धरणे अशा प्रकारे दुपारच्या उन्हाची वीज सायंकाळपर्यंत राखून ठेवण्यासाठी उपयोगी पडू शकतात. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाल्याने व विदा केंद्रांच्या विस्तारामुळे नवी मुंबईची मागणी पुढेही वाढत राहणार आहे. ती कोणत्याही एका स्रोतातून भागणार नाही. प्रत्येक स्रोत त्याच्या योग्य वेळी व योग्य प्रमाणात वापरणे, आणि जेथून वीज येते त्या प्रदेशाचा हिशेब तिच्या किंमतीत धरणे, या दोन गोष्टींवर या नगराच्या वीजपुरवठ्याची निश्चिती आणि न्याय्यता अवलंबून राहील.